रिटायर झालाय? आधी फिरायचा डबा बाजूला काढा

३१ मेला शाल-श्रीफळ मिळतं, ग्रुप फोटो निघतो, गल्लीत पेढे वाटून होतात आणि १ जूनला सकाळी साडेदहाला माणूस अंघोळ-बिंघोळ करून तयार होऊन बसतो, जायचं कुठं तेच ठरलेलं नसतं. माझं २०१९ ला असंच झालं. शाळेत क्लार्क होतो, ५८ ला रिटायर, फंड, ग्रॅच्युइटी आणि पेन्शन विक्रीचे (पेन्शनचा काही भाग एकरकमी घेतात ते) पैसे पुढच्या दोन-तीन महिन्यांत खात्यावर आले आणि आयुष्यात पहिल्यांदा पासबुकात एवढे मोठे आकडे बघितले. त्यानंतर काही गोष्टी बरोबर केल्या, एक-दोन ठिकाणी लई चुकलो. आता सकाळी इथं कोल्हापुरात रंकाळा तलावावर फिरताना नवीन रिटायर झालेले लोक तेच तेच विचारतात म्हणून म्हटलं एकदा सगळं क्रमानं लिहूनच काढूया.

मुख्य गोष्ट आधीच सांगतो. आपल्याकडं काय होतं, पैसा आला की आधी गुंतवणूक, मग घरखर्च, मग पोरांचं काय असेल ते, मग दवाखाना, आणि उरलं तर फिरायला. उरत नाही ओ. आणि दहा वर्षांनी कधी पैसा उरलाच तर गुडघे राहिलेले नसतात. म्हणून फिरायचे पैसे पहिल्या दिवसापासून वेगळे काढायचे, मी त्याला फिरायचा डबा म्हणतो, आणि पुढं जे लिहिलंय ते सगळं हा डबा दरवर्षी आपोआप कसा भरेल त्याबद्दलच आहे.

पहिलं काम: तीन महिने वही लिहा

बाकी काही करायच्या आधी एक शंभर पानी वही आणा आणि तीन महिने घरातला प्रत्येक खर्च लिहा. दूध, गॅस, लाइट बिल, पेपरवाला, मोबाईल रिचार्ज, बीपी-शुगरच्या गोळ्या, सगळं. शिवाय वर्षातनं एकदाच येणारे खर्च वेगळ्या पानावर लिहा, कारण तेच आपण विसरतो: घरफाळा, पाणीपट्टी, गाडीचा इन्शुरन्स, लग्नसराईतले आहेर, दिवाळी, गणपती. आमचा आहेराचा आकडा बघून मीच गार पडलो होतो, नोकरीत असताना कधी हिशेबच केला नव्हता.

वर्षाच्या खर्चाला बाराने भागा आणि महिन्याच्या खर्चात मिळवा, हा तुमचा खरा आकडा. पेन्शन त्यापेक्षा जास्त असेल तर तुम्ही नशीबवान. कमी असेल, किंवा पेन्शनच नसेल, कारण खाजगी कंपनीत, एमआयडीसीत राबलेल्या आपल्या कितीतरी लोकांना ईपीएसची, म्हणजे पीएफ ऑफिसकडनं येणारी, पेन्शन अगदीच किरकोळ मिळते, त्यातली कमीत कमी रक्कम तर २०१४ पासून हजार रुपयांवरच आहे, तर मग जेवढा फरक पडतो तेवढा दरमहा व्याजातनं यायला पाहिजे. हा फरक कळल्याशिवाय एक रुपया कुठं गुंतवू नका.

या काळात तुमच्याकडं लोक येणार. भाचा पॉलिसी घेऊन येईल, ओळखीचा कुणी प्लॉट दाखवायला नेईल, कुणी म्हणेल शेअरमध्ये टाका महिन्याला दोन टक्के देतो. सगळ्यांना चहा पाजा आणि एकच उत्तर द्या, सहा महिने काही करणार नाही, डॉक्टरांनी सांगितलंय तसं समजा. तोपर्यंत पैसे चांगल्या मोठ्या बँकेत थोड्या मुदतीच्या एफडीत पडू देत, काही बिघडत नाही.

एक गोष्ट मात्र थांबवायची नाही

ज्येष्ठ नागरिक बचत योजना, पोस्टात आणि बँकेतही मिळते. साठ पूर्ण असतील तर कधीही काढता येते. पण तुम्ही ५५ ते ६० मध्ये रिटायर झाला असाल तर रिटायरमेंटचे पैसे हातात पडल्यापासून तीन महिन्यांच्या आत खातं काढावं लागतं, आधी ही मुदत एकच महिना होती, २०२३ मध्ये वाढवली. रक्कमही मिळालेल्या रिटायरमेंटच्या पैशांपेक्षा जास्त टाकता येत नाही आणि ऑफिसचं पत्र लागतं, ते पत्र निरोप समारंभाच्या आधीच मागून ठेवा, नंतर त्या टेबलावरचा माणूस बदलतो आणि हेलपाटे सुरू होतात.

मी काढलं तेव्हा माणशी १५ लाखाची मर्यादा होती, आता ३० लाख आहे. नवरा-बायको दोघंही बसत असतील तर प्रत्येकाचं वेगळं खातं. २०२५ मध्ये दर ८.२ टक्के होता, सरकार तो दर तीन महिन्यांनी बघतं, पण एकदा खातं काढलं की आपल्याला पाच वर्षं तोच दर राहतो. वीस लाख टाकले तर ८.२ ने दर तिमाहीला ४१,००० रुपये येतात. पैसे मधेच काढले तर पहिल्या वर्षात व्याज मिळतच नाही, एक ते दोन वर्षांत दीड टक्का आणि दोन वर्षांनंतर एक टक्का रकमेतनं कापतात, म्हणून ज्या पैशाची लवकर गरज लागेल असं वाटतंय ते इथं टाकू नका.

आता महत्त्वाचं. हे व्याज १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर आणि १ जानेवारीला जमा होतं. सगळे हे व्याज घरखर्चात मिसळून टाकतात, आम्ही पण पहिली दोन वर्षं तेच केलं आणि पैसा कुठं गेला कळलंच नाही. मग दुसऱ्या बँकेत एक साधं सेव्हिंग खातं काढलं, त्याचं एटीएम कार्ड आमच्या मंडळींकडं, म्हणजे बायकोकडं, आणि आता तिमाहीचे ४१ हजार आले की त्यातले १५ हजार त्याच दिवशी तिकडं पाठवायचे. १० हजार दवाखान्याच्या खात्यात, उरलेले १६ हजार आरडीत. म्हणजे वर्षाला ६० हजार रुपये फिरायला, कुणाला विचारायला नको, एफडी मोडायला नको. तुमची रक्कम कमी असेल तर कमी ठेवा, पाच हजार ठेवा, पण त्याच दिवशी बाजूला गेले पाहिजेत.

महिन्याला फरक भरून काढायचा असेल तर पोस्टाची मासिक प्राप्ती योजना बघा. एकट्याच्या नावावर ९ लाख, जॉइंटला १५ लाख, ७.४ टक्क्यांनं ९ लाखाला महिन्याला ५,५५० पडतात. साधी सरळ योजना आहे, आपल्या पोस्टातल्या ताई व्यवस्थित समजावून सांगतात.

आणि सगळं व्याजावर ठेवू नका हेही सांगतो, जरी आपल्या वयाच्या लोकांना ते ऐकायला आवडत नाही. महागाई सहा टक्के धरली तर बारा वर्षांत खर्च दुप्पट होतो. आज महिन्याला तीस हजारात भागत असेल तर सत्तराव्या वर्षी साठ हजार लागतील, आणि व्याज तेवढंच येत असेल. म्हणून जे पैसे आठ-दहा वर्षं हलवायचे नाहीत त्यातला थोडा भाग, माझ्या मते पंधरा-वीस टक्के, साध्या म्युच्युअल फंडात असावा, पण स्वतःला समजलं तरच, आणि कुणाच्या सांगण्यावरून रोज शेअर घ्यायचे-विकायचे नाहीत.

पतसंस्थेबद्दल, मनापासून

हे लिहिताना अजून वाईट वाटतं. रिटायर झाल्यावर ओळखीच्या एका माणसाच्या शब्दावर मी चार लाख एका पतसंस्थेत ठेवले, बँकेपेक्षा दोन टक्के जास्त व्याज होतं, संचालक सगळे माहितीतले, ऑफिस चकाचक. तीन वर्षं व्याज वेळेवर आलं. मग एक दिवस काउंटरवर सांगितलं की महिन्याला पाच हजारच मिळतील, आणि नंतर तेही बंद. मुद्दल हप्त्या-हप्त्यानं हातात यायला अडीच वर्षांच्या वर गेली.

त्या चार लाखातनंच आम्ही काशीला जाणार होतो. मंडळींची लग्न झाल्यापासूनची इच्छा होती, आधी नोकरी, मग पोरांची शिक्षणं, मग कोरोना असं करत करत राहिलं होतं. पैसे सुटेपर्यंत त्यांच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. शेवटी गेलो आम्ही, पण घाटाच्या पायऱ्या त्यांना उतरता आल्या नाहीत, मी खाली जाऊन तांब्यात गंगा भरून वर आणली आणि त्यांनी वरच बसून पायावर ओतून घेतली. दोन टक्के जादा व्याजासाठी हे झालं.

आपल्या कोल्हापुरात सहकार रक्तात आहे, गल्लोगल्ली पतसंस्था आहेत, चांगल्याही आहेत, मी सगळ्यांना नावं ठेवत नाही. पण फरक समजून घ्या. बँकेतल्या ठेवीला, मग ती सरकारी असो, खाजगी असो की सहकारी बँक असो, डीआयसीजीसीचं, म्हणजे रिझर्व्ह बँकेच्या ठेव विमा कंपनीचं, विमा संरक्षण असतं, एका माणसाला एका बँकेत मुद्दल आणि व्याज मिळून ५ लाखापर्यंत, फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा आहे. त्याच बँकेच्या चार शाखांत ठेवले तरी एकच पाच लाख धरतात. पतसंस्था या विम्यात येतच नाही. पाटीवर काय लिहिलंय ते नीट वाचा, बँक की पतसंस्था, एवढं एक बघितलं तरी पुष्कळ.

कागदपत्रं, पटकन

सगळ्या खात्यांना नॉमिनी लावा, बँकेत आता चार जणांपर्यंत नावं देता येतात. नवरा-बायकोचं खातं दोघांपैकी कुणीही किंवा मागे राहील तो, असं असावं. ज्येष्ठांना बँकेच्या व्याजावर वर्षाला एक लाखापर्यंत टीडीएस कापत नाहीत, त्यापुढं जात असेल आणि एकूण टॅक्स शून्य बसत असेल तर टॅक्स कापू नका असं बँकेला सांगणारा, आपण ज्याला १५एच म्हणत आलोय तो फॉर्म एप्रिलमध्येच देऊन टाका. हयातीचा दाखला नोव्हेंबरमध्ये, ८० च्या वरच्यांना ऑक्टोबरपासून, आणि आता मोबाईलवर चेहरा दाखवूनही होतो त्यामुळं नोव्हेंबरची सगळी ट्रिप त्याच्यासाठी अडवून ठेवायची गरज नाही. घरात कुणी सत्तर पूर्ण असेल तर आयुष्मान वय वंदना कार्ड काढा, उत्पन्नाची अट नाही, पाच लाखापर्यंतच्या उपचाराचं आहे. आणि हेल्थ इन्शुरन्स नवीन घेताना जुनी दुखणी लपवू नका, जास्तीत जास्त तीन वर्षं थांबावं लागतं, पण लपवलं तर क्लेमच जातो.

आता फिरणं: कोल्हापूरच्या कॅलेंडरवर वर्ष मांडा

रिटायर माणसाची खरी श्रीमंती म्हणजे मंगळवारी निघता येतं. दिवाळीच्या सुट्टीत, मेच्या सुट्टीत, लाँग वीकेंडला अजिबात बाहेर पडायचं नाही, तेव्हा नोकरीवाले फिरतात आणि लॉजवाले दर वाढवतात. आपण शाळा सुरू असताना, आठवड्याच्या मधल्या दिवशी जायचं.

मी वर्ष असं मांडतो. जुलै-ऑगस्ट घरी. हे मी शिकलो ते २०१९ च्या ऑगस्टला, रिटायर होऊन दोन महिने झाले होते, पुण्याला लेकीकडं आणि तिथनं पुढं जायचं ठरवलं होतं, आणि पंचगंगा अशी चढली की शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं, पुणे-बेंगळुरू रस्ता कित्येक दिवस बंद. २०२१ च्या जुलैला परत तेच. त्यामुळं पावसाळ्यात तिकीट काढून पैसे अडकवायचे नाहीत, ते दोन महिने पुढच्या ट्रिपा ठरवायला, दातांचं-डोळ्यांचं काम करून घ्यायला वापरायचे.

नवरात्रात कोल्हापूर भरलेलं असतं आणि आपल्याच घरी पाहुणे येतात, तेव्हा जाणं बरं दिसत नाही. नोव्हेंबरच्या ९ ते ११ ला अंबाबाईचा किरणोत्सव असतो, तोवर इथंच. त्यानंतर नोव्हेंबर शेवट ते डिसेंबरचे पहिले पंधरा दिवस, आणि परत जानेवारी मध्य ते फेब्रुवारी, हे आपले सोन्यासारखे दिवस. मोठी ट्रिप यातच. एप्रिलला चैत्रात जोतिबा आणि मग ऊन, तेव्हा फारतर दोन रात्री कुठंतरी थंडाव्याला.

पैसे पण तसेच बसतात बघा. एप्रिल, जुलै, ऑक्टोबरचे मिळून ४५ हजार डब्यात जमतात, नोव्हेंबर-डिसेंबरला एक मोठी ट्रिप निघते. जानेवारीचे १५ हजार फेब्रुवारीच्या छोट्या फेरीला.

पहिली ट्रिप लांबची नको

नवीन रिटायर झालेले लोक एकदम काश्मीर नाहीतर चारधाम बुक करतात. मी म्हणतो आधी एक दिवसाची फेरी करा. नृसिंहवाडी आणि तिथनंच पुढं खिद्रापूरचं कोपेश्वर मंदिर, सकाळी लवकर निघून संध्याकाळी घरी. एवढ्यात कळतं की आपल्याला किती वेळ बसवतं, कितीदा बाथरूमला थांबावं लागतं, गोळ्या वेळेवर घेतल्या जातात का. मग एक रात्र पन्हाळा, फक्त वीस किलोमीटर आहे, काही झालं तर तासाभरात घरी. मग तारकर्ली-मालवण दोन-तीन रात्री, तिथं घरगुती निवास-न्याहारी भरपूर आहेत, खोली तळमजल्यावर आणि कमोड आहे का हे दोन प्रश्न फोनवरच विचारायचे. या तीन जमल्या की मग रेल्वेची लांबची.

एसटी विसरू नका. ७५ पूर्ण झालेल्यांना मोफत, ६५ ते ७५ ला अर्धं तिकीट, आणि बायकांना मार्च २०२३ पासून कुठल्याही वयात अर्धं. म्हणजे ६० ते ६५ मधल्या पुरुषाला पूर्ण पडतं, आम्ही जातो तेव्हा माझं पूर्ण आणि मंडळींचं हाफ. मूळ आधार कार्ड जवळ ठेवा. ही सवलत महाराष्ट्राच्या हद्दीपुरती आहे, त्यामुळं गोव्याला नाहीतर बेळगावला जाताना हिशेब वेगळा.

रेल्वेत ज्येष्ठांची तिकिटातली सवलत मार्च २०२० ला बंद झाली, ती आहे असं धरून बजेट करू नका. पण लोअर बर्थचा कोटा आहे, पुरुष ६० च्या वर आणि बायका ४५ च्या वर, तिकीट काढताना तो कोटा निवडायला लागतो, आणि एका तिकिटावर दोघंच असायला पाहिजेत. चार जण असाल तर दोन तिकिटं काढा. नातवंडाचं नाव त्याच तिकिटावर घातलं आणि वरचा बर्थ आला असं झालेलं मी बघितलंय. बुकिंग आता ६० दिवस आधी सुरू होतं, पूर्वी १२० होतं.

तिरुपतीचं उदाहरण घ्या, कारण बहुतेकांची पहिली लांबची ट्रिप तीच असते. आपल्या स्टेशनवरून हरिप्रिया एक्सप्रेस थेट तिरुपतीला जाते, मधे बदलायची नाही. पण लोक आधी रेल्वेचं तिकीट काढतात आणि मग ३०० रुपयांचं दर्शन बघायला जातात तर ते संपलेलं असतं, कारण दर्शनाचे स्लॉट रेल्वेच्या बुकिंगच्या आधीच सुटतात आणि भराभर जातात. म्हणून क्रम उलटा: आधी देवस्थानच्या अधिकृत वेबसाइटवर दर्शन, मग खोली, मग रेल्वे. आणि वेबसाइट गुगलवर पहिली दिसली ती उघडायची नाही. भक्तनिवासाच्या नावानं खोट्या वेबसाइट असतात, ॲडव्हान्स पाठवला की फोन बंद. असं काही झालं तर लाजू नका, लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन लावा, पहिल्या तासाभरात कळवलं तर पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त असते.

ग्रुपनं जाताना

सकाळच्या फिरायच्या ग्रुपमध्ये ट्रिप ठरते ती चहाच्या टपरीवर आणि मोडते पैशावरून. आमचा नियम असा, एक माणूस खजिनदार, निघायच्या आठ दिवस आधी सगळ्यांचे ठरलेले पैसे त्याच्याकडं, वाटेत कुणी खिशात हात घालायचा नाही, घरी आल्यावर वही दाखवून उरलेले परत. गाडी ठरवताना चार गोष्टी व्हॉट्सॲपवर लेखी घ्या: किलोमीटरचा दर, दिवसाला कमीत कमी किती किलोमीटर धरणार, ड्रायव्हरचा भत्ता, टोल-पार्किंग कुणाचं. यातलं एक जरी तोंडी राहिलं तर शेवटच्या दिवशी वाद होतोच. टूर कंपनीबरोबर जाणार असाल तर कॅन्सल केलं तर किती परत, हे आधी विचारा, आपल्या वयात आदल्या दिवशी ताप येऊ शकतो. पैसे कंपनीच्या खात्यावर, रोख नाही, पावती हातात.

मंडळींच्या गल्लीतल्या बायकांची ट्रिपची भिशी आहे, महिन्याला पाचशे, वर्षातनं एकदा सगळ्या मिळून जातात. हे मला फार आवडतं, कारण बायकांना नवऱ्याच्या डब्यातनं मागायला नको. फक्त भिशी रोजच्या ओळखीतलीच असावी, अनोळखी माणसं आणि व्याजाचं आमिष आलं की ती भिशी राहत नाही.

पोरांनी मागितले तर

हा प्रश्न सगळे हळू आवाजात विचारतात. पोरगा पुण्यात फ्लॅट घेतोय, डाउन पेमेंटला कमी पडतंय. देऊ नका असं मी म्हणणार नाही, आईबापाचं मन आहे. पण वही उघडा, तुमच्या महिन्याच्या फरकाला लागणारी रक्कम आणि दवाखान्याची रक्कम बाजूला ठेवा, त्याच्यापलीकडं जे आहे त्यातनं काय द्यायचं ते एकदाच आणि आनंदानं द्या, परत येईल असं धरू नका. ज्येष्ठ नागरिक योजना मोडून देऊ नका. मी माझ्या पोराला वही दाखवली, त्यालाच समजलं, आता तोच विचारतो, आई-बाबा यंदा कुठं.

यंदाचं ठरलंय. ऑक्टोबरचे १५ हजार डब्यात पडले की ४५ पूर्ण होतात. कन्याकुमारी बघायचीय मंडळींना, तीन समुद्र एका ठिकाणी. पायऱ्या कमी आहेत का, लिफ्टचं लॉज कुठलं, व्हीलचेअर कुठल्या स्टेशनवर मिळते, ते सगळं त्यांनीच वहीत लिहून काढायला घेतलंय.